आधी खोका आण, मग बॅग

पत्र

काका, नमस्कार. मी बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. वय २६. गेली दोन वर्षं एका फोटोग्राफरकडे सेकंड शूटर, म्हणजे त्याच्या जोडीची दुसरी फोटोग्राफर, म्हणून लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं करते आहे. आता माझं स्वतःचं सामान जमलंय: सोनीचा ए सेव्हन थ्री कॅमेरा, टॅमरॉनची २८-७५ लेन्स, सेकंडहँड मिळालेली सोनीची जुनी लांब लेन्स ७०-२०० एफ २.८, ५० ची छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स) आणि एक गोल डोक्याचा फ्लॅश. शिवाय १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप, कारण एडिटिंग त्याच्यावरच होतं आणि लग्नात रात्री डेटा कॉपी करायला तो लागतो. सध्या हे सगळं कॉलेजच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळून नेते. हसू नका.

बॅग घ्यायची आहे, सात-आठ हजारांपर्यंत. दादा म्हणतो, ३५ लिटरची घे, एकदा मोठी घेतली की पुन्हा बघायला नको. पुढेमागे पक्ष्यांसाठी २००-६०० ची मोठी लेन्स घेणारच आहेस. दुकानदारही तेच म्हणाला. मैत्रीण म्हणते, २० लिटरच्या वर गेलीस तर पाठ जाईल. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५० किलो, आणि सगळीकडे जाते ती स्कूटरवरून. वर्षातून एक-दोनदा ट्रेनने मुंबई-पुणे होतं, आणि येत्या डिसेंबरात पहिल्यांदाच विमानाने गोव्याला, एका लग्नासाठी. नेमकी किती लिटरची घेऊ?

उत्तर

टॉवेलाला हसत नाही, पोरी. माझी पहिली लेन्स आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात असायची, आणि त्या लुगड्याने तिला जितकं सांभाळलं तितकं पुढे मी हौसेने घेतलेल्या बॅगेने सांभाळलं नाही. ते सांगतोच, पण आधी लिटरचं भूत उतरवू.

दुधाची पिशवी एक लिटरची म्हणजे एक लिटरचीच. बॅगेचं तसं नसतं. कुणी बाहेरून मापं घेतो, कुणी आतल्या सगळ्या कप्प्यांची बेरीज करतो, आणि पुढचा चपटा खिसाही त्याच बेरजेत घालून मोकळा होतो. गणित स्वतः करून बघ. बाहेरून ४५ सेंटिमीटर उंच, ३० रुंद, २० खोल अशी एक बॅग धर. गुणाकार २७,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २७ लिटर. आता त्यातून फोमच्या भिंती काढ, लॅपटॉपचा कप्पा काढ, पुढचा खिसा काढ. कॅमेऱ्यासाठी उरतात साधारण ४० बाय २६ बाय १४. म्हणजे साडेचौदा लिटर. सत्तावीस ऐकून खूश झालेला माणूस घरी जाऊन साडेचौदात सामान कोंबत बसतो. शिवाय दूध कुठल्याही भांड्याचा आकार घेतं, ७०-२०० घेत नाही. म्हणून दुकानात ‘किती लिटर’ विचारायच्या आधी ‘आतून किती बाय किती बाय किती’ ते विचार. सांगता आलं नाही तर पर्समध्ये मापाचा टेप असू दे.

पण दुकानात जायच्या आधी घरी एक काम आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून बिस्किटांचा किंवा साबणाचा रिकामा खोका आण. आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घे, खोका काप, चिकटपट्टी लाव, आणि आतून बरोबर ४० बाय २६ बाय १४ चा, झाकण नसलेला ट्रे तयार कर. हा झाला बॅगेतला कॅमेऱ्याचा कप्पा. तो जमिनीवर आडवा ठेव आणि सामान त्यात मांड. मात्र कामाला जाताना जसं नेतेस तसं मांडायचं, कॅटलॉगातल्या फोटोसारखं सुटं सुटं नाही. कॅमेऱ्याला २८-७५ लावलेलीच असू दे, कारण मांडवात शिरल्या शिरल्या नवरीची गाडी आली तर लेन्स लावत बसायला वेळ कुठला?

लेन्ससकट तुझा कॅमेरा सुमारे १९ सेंटिमीटर लांब भरेल. तो खोक्याच्या लांबीत आडवा ठेव, लेन्स खालच्या कडेकडे आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, वरच्या कडेकडे. रुंदीला तेरा जातील. शेजारी ७०-२००. तिची लांबी २०, जाडी नऊच्या आत, पण हुड, म्हणजे ऊन अडवणारं पुढचं कडं, उलटा चढवलास की ती फुगते, म्हणून अकरा धर. ट्रायपॉडवर बसवायच्या कॉलरचा पाय वरच्या बाजूला फिरवून ठेव, नाहीतर तो शेजारच्याच्या बरगड्यांत जातो. तेरा आणि अकरा चोवीस, उरलेल्या दोन सेंटिमीटरात पार्टिशन, म्हणजे मधली फोमची भिंत. खोक्याचा वरचा अर्धा भाग संपला. खालच्या अर्ध्यात फ्लॅश आडवा, ५० ची लेन्स, बॅटऱ्या, मेमरी कार्डं, चार्जर, आणि तरी तळहाताएवढी जागा शिल्लक राहील. त्या जागेत १३ बाय १० बाय ७ चं एक लहान खोकं ठेवून बघ, साबणाच्या चार वड्या एकावर एक बांधल्या तरी चालेल. ती तुझी पुढची बॉडी. लग्नं करणारी मुलगी दोन वर्षांत दुसरी बॉडी घेतेच, हे मी अनुभवाने सांगतो. तेवढी जागा आजच धरून ठेव.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. प्रत्येक वस्तूच्या बाजूने दोन बोटं खाली जाऊन ती उचलता आली पाहिजे. सगळं ठासून बसलं म्हणजे बॅग बरोबर, असं लोकांना वाटतं. मंगलाष्टकं सुरू असताना लेन्स बाहेर काढायला पार्टिशन उपटावं लागलं की मग कळतं. वेल्क्रोचा तो ‘चर्र’ आवाज भटजींनाही ऐकू जातो.

७०-२०० कॅमेऱ्याला लावूनच ठेवायची असेल तर हिशोब बदलतो. मग ती जोडी २७-२८ सेंटिमीटरची होते आणि उभ्या मधल्या पट्ट्यातच बसते, बाकीचं सामान दोन्ही बाजूंना पांगतं. खोक्यात तेही करून बघ. एका बॉडीवर काम करणाऱ्याला ही चैन परवडत नाही असं माझं मत आहे.

आता दादाचं म्हणणं. ‘एकदाच मोठी घ्यायची’ हे पिंप घेताना ठीक. पिंप घराच्या कोपऱ्यात उभं असतं, पाठीवर घेऊन कुणी फिरत नाही. मोठ्या बॅगेत मोकळी जागा उरली की ती कुणाला बघवत नाही. आज जाकीट, उद्या पाण्याची दुसरी बाटली, परवा बाहेरगावी निघताना आईने हातात दिलेला लीलो चिवडा. आणि जागा भरली नाही तर आतलं सामान प्रत्येक गतिरोधकावर इकडून तिकडे सरकतं, ते आणखी वाईट.

२००-६०० चं स्वप्न मला मान्य आहे. आपला वढवाणा तलाव डभोईजवळ आहे, जायला जवळ. बडोदा संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी तो बांधला आणि २०२१ साली तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. हिवाळ्यात सकाळी तिथे पट्टकादंब उतरताना पाहिले की चांगल्या चांगल्या लग्नवाल्या फोटोग्राफरांना पक्ष्यांचं वेड लागतं, मलाही लागलं. पण ती लेन्स नुसतीच सुमारे ३२ सेंटिमीटर लांब आणि दोन किलोच्या वर. कॅमेरा लावून ४० जवळ. ती ज्या बॅगेत बसेल ती लग्नाला नेण्याजोगी राहणार नाही. उलटंही बघ. पक्ष्यांच्या दिवशी तू फ्लॅश नेणार आहेस का? लॅपटॉप? ७०-२००? एक बॉडी, एक लांब लेन्स, पाणी, टोपी. तो वेगळाच दिवस आहे, त्याची बॅग वेगळी. एखाद्या शनिवार-रविवारी ती लेन्स भाड्याने घे, टॉवेलात गुंडाळून गाडीत मांडीवर धरून जा. वेड टिकलं तर पुढच्या वर्षी तिच्यासाठी लांबोडकी पिशवी घेता येईल. अजून न घेतलेल्या लेन्सचं ओझं आजपासून कशाला वाहायचं?

ओझ्याचा विषय निघालाच आहे तर बेरीज मांडतो. बॉडी ६५० ग्रॅम. २८-७५ साडेपाचशेच्या आसपास. ७०-२०० ची ही पहिली आवृत्ती १,४८० ग्रॅम. ५० ची १८६. फ्लॅश बॅटरीसकट अर्धा किलो. झाले साधारण ३.४ किलो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीचच्या मध्ये कुठेतरी, आणि त्याचा तो विटेसारखा चार्जर अर्धा किलो. इथवर सव्वासहा. दादाने सुचवलेल्या मापाची फोमची बॅग रिकामीच दोन किलोच्या पुढे जाते. पाण्याची बाटली, बॅटऱ्या, डबा, छत्री घाल. साडेनऊ किलो. तू ५० किलोची. म्हणजे तुझ्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाठीवर. शाळेतल्या मुलांसाठी २०२० साली सरकारने दप्तराचं धोरण आणलं, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं आहे. तू काही शाळेतली नाहीस, मोठ्या माणसाला थोडं जास्त झेपतं, मान्य. पण शाळेतलं पोर दप्तर बाकाला अडकवून बसतं, तुला सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत ते घेऊन उभं राहायचंय.

इथे मला तुझ्या लॅपटॉपबद्दल बोलायचंय, कारण पत्रात सगळं वजन त्याच्यावर आहे आणि तुला ते दिसत नाहीये. तुझ्या कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट आहेत. मेनूत जाऊन दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातील असं ठरवून टाक. मग रात्री लग्नाच्या हॉलवर कॉपी करत बसायची निकड उरत नाही. एक कार्ड कॅमेऱ्यात, दुसरं काढून पर्समध्ये, घरी जाऊन निवांत कॉपी. बडोद्यातल्या लग्नाला लॅपटॉप नेऊच नको. मुंबई-पुण्याला, गोव्याला तो लागेल, तिथे तीन-तीन दिवस असतात. म्हणजे वर्षातल्या बहुतेक दिवशी तुझं ओझं पावणेतीन किलोने उतरलं. या दुसऱ्या कार्डावर जे पैसे जातील ते बॅगेच्या बजेटातून काढ, चालेल.

तरीही बॅग लॅपटॉप बसणारीच घे. फक्त ‘१५ इंचासाठी’ या चिठ्ठीवर जाऊ नको. तो इंच पडद्याचा तिरका असतो, लॅपटॉपच्या अंगाचा नसतो. तुझा लॅपटॉप अंगाने सुमारे ३६ बाय २६ असेल आणि गेमिंगवाला म्हणजे जाडही. बॅगेत तो उभा जातो, म्हणून कप्पा २७ रुंद आणि ३८ उंच हवा, आणि चेन पूर्ण लागायला हवी. घालून बघ. मग कप्प्याच्या तळाशी बोटं घाल. लॅपटॉपची खालची कड आणि बॅगेचा तळ यांच्यामध्ये दोन बोटांची पोकळी किंवा जाड गादी असेल तर उत्तम. नसेल तर बॅग जमिनीवर टेकवताना प्रत्येक वेळी पहिला मार लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसणार. खूप बॅगांना मी इथेच नापास केलंय.

आता पाठ. बहिणीला किंवा आईला मागे उभं कर. मान खाली घाल, मानेच्या बुडाशी एक हाड उंचवट्यासारखं हाताला लागतं, तिथे टेपचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे. कमरेच्या हाडांवर जिथे अंगठे येतात त्या रेषेपर्यंत मोजायला सांग. तुझ्या उंचीला हे ४० ते ४२ च्या आसपास यावं. ही तुझी खरी साइझ. ५२-५५ उंचीची बॅग घेतलीस तर तिचा कमरेचा पट्टा कमरेवर न बसता खाली घसरतो आणि सगळं वजन दोन खांद्यांवर येऊन लटकतं. कमरपट्टा ज्याच्या हाडांवर टेकतो त्याला सहा किलोसुद्धा चारसारखे वाटतात. छातीवरचा छोटा पट्टाही बघ, वर-खाली सरकणारा हवा. बायकांच्या दृष्टीने एकाच जागी शिवलेला पट्टा निव्वळ छळ आहे, असं माझी पुतणी सांगते.

तुझ्या बाबतीत याहून मोठी कसोटी स्कूटरची. उंच बॅग घालून सीटवर बसलीस की बॅगेचं बूड सीटला टेकतं आणि बॅग वर उचलली जाते, पट्टे कानापर्यंत येतात. वरून हेल्मेट. सिग्नलला मान वर केली की हेल्मेटची मागची कड बॅगेच्या माथ्यावर आपटते, आणि मग तू मान खाली घालून गाडी चालवायला शिकतेस. मांडवीच्या गर्दीत ते फावणार नाही. फूटबोर्डावर ठेवीन म्हणशील, तर खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट काचेला. म्हणून बाहेरून उंची ४६ च्या आत. हा आकडा मला लिटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली. मी ४० लिटरची, समोरून अख्खं दार उघडणारी बॅग घेतली होती. इतकी मोठी की गुडघे टेकून, जमिनीवर आडवी पाडून, तीन बाजूंची चेन काढल्याशिवाय काही हाती लागायचं नाही. रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात मुंज होती. लाकडी जिना, एका वेळी एकच माणूस चढेल असा. वर मातृभोजन सुरू व्हायचं होतं. मी खाली बसून फ्लॅश काढला, वरून हाक आली, ‘अहो, बटू बसला!’ तसा बॅग खांद्यावर टाकून पळालो. चेन अर्धी उघडी. पाचव्या-सहाव्या पायरीवर मागून आवाज आला. टक्. मग खालच्या पायरीवर टक्. मग तिसरा आलाच नाही, कारण खाली कुणाच्या तरी चपलांच्या ढिगात ती ५० ची लेन्स जाऊन पडली होती. पुढची कडी चेपली, त्यानंतर तिच्यावर फिल्टर कधी चढला नाही. चूक माझीच. पण लहान कामासाठी अख्खं दार उघडावं लागणाऱ्या बॅगेत ही चूक कधीतरी होतेच.

म्हणून दार पाठीच्या बाजूने उघडणारं बघ. पाठीवर असताना ते कुणालाच उघडता येत नाही, तुलाही आणि स्टेशनवरच्या चोरालाही. जमिनीवर ठेवताना बॅगेची पुढची बाजू खाली, पट्टे वर; मांडवातला चिखल बॅगेच्या पोटाला लागतो, तुझ्या ब्लाउजला नाही. मात्र अशा बॅगेत लॅपटॉपचा कप्पा सगळ्यात पुढे असेल तर घेऊ नको. बॅग पालथी पडली की सगळ्या लेन्सांचं वजन लॅपटॉपच्या पडद्यावर येतं. लॅपटॉप पाठीला चिकटून असलेला बरा, वजनही अंगाजवळ राहतं. बाजूने उघडणारी एक छोटी खिडकी असली तर चांगलंच, नसली तर अडून बसू नको.

रंग काळा किंवा राखाडी घे. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात नको. वेगवेगळ्या खिशांची संख्या मोजू नको, तीन पुरतात.

पावसाबद्दल मात्र थोडं सविस्तर. बॅगेबरोबर येणारा रेनकव्हर पुढून आणि बाजूंनी झाकतो, पाठीची बाजू उघडीच असते. स्कूटरवर पाणी रेनकोटाच्या कॉलरवरून ओघळत नेमकं त्याच फटीत जातं, जिथे तू लॅपटॉप ठेवला आहेस. जून ते सप्टेंबर बॅगेत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घडी करून ठेव, वेळ आली की लॅपटॉप तिच्यात.

आणि बॅगेला कपाट समजू नको. हीसुद्धा माझीच कमाई. एका आषाढात कामं नव्हती, बॅग भरून माळ्यावर टाकली, ती गणपतीच्या आदल्या दिवशी काढली. लेन्स उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. फोम ओल धरून ठेवतो, अंधार असतो, हवा खेळत नाही, बुरशीला आणखी काय हवं? कामावरून आलीस की सामान बाहेर, बॅग पंख्याखाली उघडी. लेन्स रबराची कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा काटा. तो चाळीस ते पन्नास टक्क्यांत असला की निश्चिंत. निळी सिलिका गुलाबी झाली की वाळवावी लागते, पण पोळीच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तिच्यासाठी वेगळं जुनं भांडं ठेव.

गोव्याचं विमान. आपल्याकडे बहुतेक विमानांत इकॉनॉमीला हातातल्या बॅगेची मर्यादा ७ किलो आणि माप ५५ बाय ३५ बाय २५. मापात तू सहज बसतेस, वजनात मारामार आहे. बॅग रिकामी १.६ किलोची मिळाली, त्यात बॉडी आणि तिन्ही लेन्स घातल्या की साडेचार. लॅपटॉप घातला की पावणेसात-सात. म्हणून फ्लॅश, दोन्ही चार्जर, केबली कपड्यांच्या सुटकेसमध्ये, साडीच्या घडीत. सुट्या बॅटऱ्या मात्र सुटकेसमध्ये चालत नाहीत. लिथियमच्या सगळ्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातच, टोकं झाकून. ५० ची लेन्स जाकिटाच्या खिशात टाक, खिशाचं वजन सहसा करत नाहीत. लॅपटॉपची वेगळी पिशवी चालते का, हे तुझ्या तिकिटावरचे नियम वाचून बघ. आणि हे सगळं निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी काट्यावर ठेवून.

ट्रेनमध्ये काही विशेष नाही. बॅग डोक्यावरच्या फळीवर ठेवू नको, पायाशी ठेव, दार असलेली बाजू भिंतीकडे.

तर माझं उत्तर. आतून ४० बाय २६ बाय १४ च्या आसपास, आणि हा कॅमेऱ्याचा कप्पा वरपासून खालपर्यंत सलग असलेला. खाली कॅमेरा, वर कपडे-डबा अशी अर्धी-अर्धी वाटलेली बॅग दिसायला सोयीची वाटते, पण तुझी ७०-२०० तिच्यात गुदमरेल. बाहेरून उंची ४६ च्या आत, रिकामं वजन पावणेदोन किलोच्या खाली, लॅपटॉप पाठीकडे. असल्या बॅगेच्या चिठ्ठीवर बहुतेकदा २० ते २५ च्या मधला कुठलातरी आकडा असेल. मैत्रीण जवळपास बरोबर आहे, २२ मिळाली तर तिला घाबरू नको. आठ हजार संपवायलाच हवेत असं नाही. पाच-साडेपाचमध्ये बॅग जमली तर उरलेल्यात लेन्सचा तो घट्ट झाकणाचा डबा आणि दुसरं कार्ड येतं. खिसा अगदीच आटला असेल तर फोमचा नुसता इन्सर्ट, म्हणजे आत घालायचा कप्प्यांचा साचा, घेऊन कॉलेजच्या सॅकमध्येच घालता येतो, चोराला संशयही येत नाही. पण त्या सॅकला कमरपट्टा नसणार, म्हणून गोव्यासाठी ती नको.

दुकानात आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा, गर्दी नसते. सगळं सामान आणि लॅपटॉप घेऊन जा. भर, पट्टे आवळ, दहा मिनिटं घालून फिर, जिना असेल तर चढ-उतर. दुकानदार पुन्हा म्हणेल, ‘बेन, मोटी ज लई लो ने.’ त्याला म्हण, काका, आधी स्कूटरवर बसून बघते. हेल्मेट चढव, सीटवर बस, मान वर कर. आणि खाली उतरलीस की डिकी उघडून लॅपटॉपचा तो चार्जर तिथे मावतो का, तेही तेव्हाच बघून घे.